पिकअप गेला, शिव्या ई-२० ला. तुटला मात्र बेल्ट

ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय होता. गणपतीची वर्गणी नाही, पाणीकपात नाही, तर ई-२० पेट्रोल. कोणाचा अॅव्हरेज पडला होता, कोणाची गाडी सकाळी स्टार्ट होत नव्हती, आणि एका फॉरवर्डमध्ये तर लिहिलं होतं की इथेनॉलमुळे स्कूटरचा बेल्टसुद्धा विरघळतो. त्या ग्रुपवर सगळ्यात ठामपणे बोलणारा माणूस मी होतो. इंजिनिअर ना!

माझी स्कूटर १२५ सीसी, २०१९ ची, मामेभावाकडून सेकंडहँड घेतलेली. धायरी ते हिंजवडी रोजची फेरी. आधी ४५ चा अॅव्हरेज द्यायची, तो ३६ वर आला. वारज्याहून चांदणी चौकाकडे चढताना थ्रॉटल पूर्ण पिळला तरी ४० च्या वर काटा जाईना. मी ग्रुपवर लिहिलं, "हे सगळं २० टक्के इथेनॉलचं काम आहे." सव्वीस लोकांनी अंगठा दिला.

ऑक्टोबरमध्ये धाकटी बहीण ती गाडी घेऊन निघाली. त्याच चढावर "फट्" असा आवाज आला. इंजिन जोरात ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही. मागे ट्रक. तिने इंडिकेटर देऊन गाडी कशीबशी डावीकडे घेतली, उतरली आणि मला फोन केला, "दादा, तुझ्या गाडीत काहीतरी तुटलंय." ती सुखरूप आहे. पण त्या रस्त्यावर उजव्या लेनमध्ये असती तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गॅरेजमध्ये काकांनी डावीकडचं कव्हर उघडलं. आत काळ्या रबराचा भुगा आणि धाग्यांचा गुंता. "पेट्रोलला कशाला शिव्या देत होता? हा बेल्ट कधी बघितला होता का?" मी गप्प. गाडी २८ हजार किमी चालली होती आणि बेल्ट कंपनीतून आला तोच होता. दोन महिन्यांपूर्वी एका सर्व्हिस सेंटरला मी गाडी दिली होती; ऑइल बदललं, पाणी मारलं, बिल दिलं. पिकअपची तक्रार सांगितली तेव्हा तिथेही उत्तर मिळालं, "सर, पेट्रोलमुळे सगळ्यांचंच असं होतंय."

या लेखाचा मुद्दा तोच आहे. ई-२० वर तक्रार करायला जागा आहे. पण सध्या ते इतकं सोयीचं उत्तर झालंय की गाडीतली खरी, बदलता येणारी, आणि कधी कधी जिवावर बेतणारी बिघाडं त्याच्यामागे लपतात. पेट्रोलचा परिणाम कुठे संपतो आणि बेल्टचा कुठे सुरू होतो हे वेगळं काढता येतं. त्यासाठी लागणारा पुरावा माझ्या फोनमध्ये ऑगस्टपासून पडून होता.

आधी त्या कव्हरच्या आत काय असतं ते

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये गिअर "नसतात" असं आपण म्हणतो. खरं म्हणजे असंख्य असतात. दोन पुल्या आणि त्यांच्यात इंग्रजी व्ही आकाराचा एक रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनच्या क्रँकवर, मागची पुली चाकाच्या बाजूला. प्रत्येक पुली म्हणजे तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन उतरत्या बशा समजा. बशा जवळ आल्या की बेल्ट वर चढतो, लांब गेल्या की खाली रुततो.

पुढच्या पुलीच्या आत छोटे वजनदार रोलर असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिनचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि एका बशीला ढकलतात, म्हणून पुढे बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे मागे तो स्प्रिंगला हरवून खाली उतरतो. पुढे मोठं वर्तुळ, मागे छोटं वर्तुळ, म्हणजे वरचा गिअर. मागच्या पुलीला जोडून सेंट्रिफ्युगल क्लच असतो. सिग्नलला इंजिन चालू असूनही गाडी जागेवर उभी राहते ती त्याच्यामुळे.

ही कल्पना १९५८ मध्ये डाफ या डच कंपनीने चारचाकीत आणली. भारतात रोजच्या वापरात ती आणली आपल्या पुण्याच्या लोकांनी. १९८४ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंग आणि होंडाची भागीदारी झाली आणि कायनेटिक होंडा आली: ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बटन स्टार्ट, आणि हाच बेल्ट. तेव्हा आकुर्डीच्या चेतकवर डाव्या मुठीने गिअर टाकणाऱ्या पिढीला ते जादूसारखं वाटलं असणार. माझी आई त्याच कायनेटिकवर गाडी शिकली. क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे साडी नेसून ऑफिसला जाणाऱ्या बायकांचं पुणं त्या बेल्टवर चाललं, असं म्हटलं तरी चालेल.

गुलमर्गला गेलेल्यांनी बर्फावरची स्नोमोबाईल पाहिली असेल. तिच्या बॉनेटखालीही हीच दोन पुल्या आणि बेल्टची जोडी असते, फक्त बरीच दांडगी. कॅनडा-अमेरिकेत स्नोमोबाईल चालवणारे लोक एक नवा बेल्ट सोबत ठेवूनच निघतात, कारण जंगलात बर्फावर बेल्ट तुटला तर चालत परतावं लागतं. बेल्ट ही झिजणारी, संपणारी वस्तू आहे हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं. आपल्याकडे ब्रेक शू संपतात, टायर गुळगुळीत होतात हे सगळ्यांना कळतं. बेल्ट कव्हरच्या आत असतो, म्हणून तो नसल्यासारखाच.

एक मिलिमीटरची किंमत

बेल्ट पुलीला धरतो तो त्याच्या दोन तिरक्या बाजूंनी. घासून घासून त्याची रुंदी कमी होते. आता खाचेच्या दोन भिंतींमधला कोन सुमारे २८ अंश धरला, तर शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित सांगतं की रुंदी १ मिमी कमी झाली की बेल्ट खाचेत सुमारे २ मिमी खोल रुततो. पुढची पुली पूर्ण मिटली तरी तो आता वरच्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणजे तुमचा सगळ्यात वरचा गिअर गेला. इंजिन तेवढंच फिरतंय, चाक मात्र कमी फिरतंय.

दुसरी गोष्ट घसरण्याची. रबर तापून तापून कडक होतं, बाजूंवर काचेसारखी चकाकी येते. मग पकड सुटते, घसरण्यातून आणखी उष्णता, त्यातून रबर आणखी कडक. हे चक्र एकदा सुरू झालं की शेवट बहुतेक वेळा भुग्यातच होतो. त्याआधी सूचना मिळतात: गाडी सुटताना थरथर, रेस वाढते पण वेग मागाहून येतो, चढावर दम लागतो, कधी जळक्या रबराचा वास. मला पहिल्या तीनही मिळाल्या होत्या.

आता पुण्याचा ट्रॅफिक यात आणा. टॉमटॉमच्या २०२४ च्या निर्देशांकात पुणे जगातल्या सगळ्यात संथ शहरांत चौथं होतं: १० किमीला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी १८ किमी. आपण दुचाकीवाले फटीतून घुसतो, म्हणून २० धरू. अनेक ११०-१२५ सीसी स्कूटरच्या पुस्तिकेत बेल्ट बदलायचा टप्पा २० ते २५ हजार किमीच्या आसपास असतो. समजा २४ हजार. ताशी ४० ने चालणारी गाडी तिथे ६०० तासांत पोचते. ताशी २० ने चालणारी १२०० तासांत. किमी तेच, पण बेल्ट दुप्पट वेळ त्या बंद, गरम डब्यात फिरला.

आणि ते तासही वाईट. संथ वेगात बेल्ट पुढच्या पुलीवर सगळ्यात लहान वर्तुळात असतो, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त वाकावं लागतं. चढावरच्या सिग्नलला ब्रेक न दाबता थ्रॉटलवर गाडी तोलून धरायची सवय असेल (मला होती) तर क्लच घासतो आणि ती उष्णता शेजारीच बेल्टला मिळते. थंड हवा आत घेणारा मार्ग धुळीने तुंबला असेल तर विचारायलाच नको. पुस्तिकेतला किमीचा आकडा हिंजवडीच्या आयटी पार्कला जाणाऱ्यासाठी लिहिलेला नाही, हे माझं मत.

पावसाळ्यात आणखी एक भर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत गाड्या पाण्यात गेल्या होत्या. गाडी इतकी बुडाली असेल तर कव्हर उघडून आतलं साफ करणं भागच आहे. नुसत्या खोल डबक्यातून गेल्यावर बेल्ट ओला होऊन घसरत असेल, तर रेस करून वाळवायचा प्रयत्न करू नका. थोडा वेळ थांबा.

मग ई-२० निर्दोष का?

नाही. हिशोब करू. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. पण देशात सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्येच गाठला गेला होता, म्हणजे आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट ई-२० वर आलेलो नाही. ई-१० वरून ई-२० वर येताना ऊर्जेतली घट साधारण साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज आहे. माझी गाडी बीएस-४, कार्ब्युरेटरवाली. मिश्रण स्वतः जुळवून घेणारा सेन्सर तिच्यात नाही, त्यामुळे तिला थोडा जास्त फटका बसू शकतो. पेट्रोलच्या बाजूच्या जुन्या रबरी नळ्या आणि सीलबद्दलची काळजीही खरी आहे.

ग्राहकाला पर्यायच दिला नाही ही लोकांची चीड मला पटते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, त्यामुळे हा वाद आता पंपावरच चालू राहणार. पण ४५ वरून ३६ म्हणजे २० टक्के घट. साडेतीन, पाच, फार तर सात टक्क्यांचा हिशोब पेट्रोलच्या नावावर टाकला तरी उरलेलं कुठून आलं? हा प्रश्न मी ऑगस्टमध्येच विचारायला हवा होता. आणि बेल्टचं म्हणाल तर तो कोरड्या डब्यात असतो, त्याला पेट्रोलचा थेंबही लागत नाही. विरघळणार कसा?

फोनमधला पुरावा

ऑगस्टमध्ये आम्ही पानशेतला गेलो होतो. मागे बसलेल्या मित्राने खडकवासल्याच्या काठच्या सपाट रस्त्यावर व्हिडिओ काढला होता, त्यात मीटर दिसतो: ५०, स्थिर. आणि इंजिनचा आवाज आहेच.

चार स्ट्रोकच्या एक सिलेंडर इंजिनमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला ६००० फेरे असतील तर सेकंदाला ५० स्फोट, आवाजाची मूळ वारंवारता ५० हर्ट्झ. उलट करायचं तर हर्ट्झ गुणिले १२० म्हणजे आरपीएम. स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट अॅप किंवा ऑडसिटी चालेल. फोनचा माईक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही, म्हणून मूळ रेष पुसट दिसते. पण तिच्या पटीतल्या रेषा ठळक असतात आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजेच मूळ वारंवारता. ऑगस्टच्या व्हिडिओत ते अंतर ५३ हर्ट्झ आलं. म्हणजे ६३६० आरपीएम.

बेल्ट बदलल्यावर त्याच मित्राला मागे बसवून त्याच रस्त्यावर, त्याच ५० ला पुन्हा व्हिडिओ काढला. ४६ हर्ट्झ. ५५२० आरपीएम.

आता यातली मजा बघा. दोन्ही वेळा टाकीत ई-२० च होतं, तेही एकाच पंपाचं. मीटरची केबल माझ्या गाडीत पुढच्या चाकातून येते, म्हणून बेल्ट घसरला तरी मीटर खोटं बोलत नाही. तोच वेग ठेवायला इंजिनला आधी मिनिटाला ८४० फेरे जास्त मारावे लागत होते. पेट्रोल कमजोर असेल तर इंजिनची ताकद कमी होईल, थ्रॉटल जास्त द्यावा लागेल. पण इंजिनचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं नातं इतकं बिघडवणं हे पेट्रोलचं काम नाही. ते बेल्ट, पुली आणि रोलरचं.

एक कबुली द्यायला हवी. रोलरही त्याच दिवशी बदलले. जुन्यांना एका बाजूने सपाट चपटेपणा आला होता आणि त्यानेही फेरे वाढतात. म्हणून श्रेय एकट्या बेल्टला देता येणार नाही. शिवाय या व्यवस्थेत चढ, वारा, वजन यांनी आकडा हलतो, तेव्हा तुमचा आकडा माझ्याशी ताडून उपयोग नाही. आपल्याच गाडीचा, एकाच सपाट रस्त्यावर, दर काही महिन्यांनी घ्या. आणि कृपा करून स्वतः चालवताना फोन हातात धरू नका, मागे कोणाला तरी बसवा.

बदलताना काय बघायचं

मला बेल्ट, सहा रोलर आणि मजुरी मिळून दीड हजाराच्या आत खर्च आला. काम तासाभराचं. पण तेवढ्या वेळात बिघडवण्यासारखंही बरंच आहे, म्हणून समोर उभे राहा.

बेल्टवर बाण असतो, तो फिरण्याच्या दिशेने हवा. मागच्या पुलीच्या बशा दाबून उघडायच्या आणि बेल्ट तिथे खोल बसवायचा, म्हणजे पुढे तो सैल राहतो. हे न करता पुढचा नट आवळला तर बेल्ट बशीत चिमटला जातो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी ढिला होऊन क्रँकचे दाते खातो. ते बिल बेल्टच्या कित्येक पट. नट टॉर्क पान्याने आवळलेला बरा. बरेच जण हवेची गन लावून मोकळे होतात. पुलीच्या बशांना आणि बेल्टला ग्रीसचा हात लागता कामा नये. आत ऑइल सांडलेलं दिसलं तर आधी सील बदला, नाहीतर नवा बेल्टही तसाच जाणार. भुगा मात्र नुसता फुंकून उडवू देऊ नका, तो तुमच्याच नाकात जातो.

जुना बेल्ट हातात मागून घ्या. आतल्या खाचांच्या मुळाशी तडे, कडेला सुटलेले धागे, चकाकी हे डोळ्यांना दिसतं. रुंदी मोजायला व्हर्निअर लागतो, आणि इथेच माझी तक्रार आहे. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत बेल्ट कधी बदलायचा याचे किमी असतात. पण किती मिमीच्या खाली तो बाद, हा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, जे आपल्याला मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. तिथे हा एक साधा आकडा प्रत्येक मॉडेलसाठी दिसायला हवा. दहा लाखांच्या गाडीचं राहू द्या, लाखाच्या स्कूटरचा तरी.

आता तुम्ही म्हणाल, पुढची गाडी इलेक्ट्रिकच घेणार. जुलै २०२५ मध्ये कायनेटिकने डीएक्स हे जुनं नाव परत आणलं, पण मोटर थेट मागच्या चाकात. ज्या नावाने पुण्यात हा बेल्ट आणला त्याच नावाच्या गाडीत आता तो नाही. एथर ४५० मध्ये बेल्ट आहे, पण दातेरी. तो पुल्यांत वरखाली सरकत नाही, त्याची झीज वेगळी. तोवर रस्त्यावरच्या पेट्रोल स्कूटर आणखी कित्येक वर्षं चालणार, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्यासारख्यांकडे दुसऱ्या-तिसऱ्या हाताने येणार. जुनी घेताना टायर आणि बॅटरी बघता, तेव्हा "बेल्ट कधी बदलला, बिल आहे का" एवढं विचारा. माझ्या मामेभावाला मी विचारलं नव्हतं.

बेल्ट बदलल्यानंतर चार वेळा टाकी फुल करून मोजलं. अॅव्हरेज ४२ ते ४३ च्या मध्ये येतोय. ४५ पर्यंतची उरलेली घट ई-२० ची किती आणि भूमकर चौकातल्या ट्रॅफिकची किती, हे मला वेगळं काढता आलेलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर जुन्या बेल्टचा फोटो टाकून मी ऑगस्टचं विधान मागे घेतलं. त्याला चार अंगठे मिळाले. बी विंगच्या एका काकूंनी मात्र वेगळा मेसेज केला, "आमची पण चढावर थरथरते रे, एकदा बघशील का?" रविवारी मोजली. ५५ हर्ट्झ. त्यांची गाडी सध्या गॅरेजमध्ये आहे.